हेडलाइटची ‘काच’ पिवळी का पडते? सुटलेला एक प्रश्न परत कसा आला, त्याचा इतिहास

#धागा #इतिहास

१/
काही वस्तू नाहीशा होतात, पण त्यांची नावे भाषेत मागे राहतात. गाडीच्या पुढच्या दिव्यावर जे पारदर्शक झाकण असते, त्याला गॅरेजमधल्या मिस्त्रीपासून गाडीच्या मालकापर्यंत सगळेच ‘हेडलाइटची काच’ म्हणतात. वास्तविक आज रस्त्यावर धावणाऱ्या बहुतेक मोटारींत त्या जागी काच उरलेली नाही. तिथे प्लास्टिक आहे. काच वर्षानुवर्षे उन्हात राहूनही पिवळी पडत नाही, हे प्लास्टिक मात्र पडते. काच जाऊन प्लास्टिक का आले आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे आज सविस्तर पाहू.

२/
विषय घरातूनच सुचला. माझे बाबा गेली दोन वर्षे रात्री गाडी चालवणे टाळत होते. ‘आता डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत,’ असे म्हणून दिवस मावळला की किल्ली माझ्या हाती देत. गेल्या पावसाळ्यात चिपळूणहून कऱ्हाडला येताना कुंभार्ली घाटात गाडी मी चालवत होते. एका वळणावर बंद पडलेला ट्रक उभा होता. मागे दगड लावलेले होते, झाडाच्या फांद्याही टाकलेल्या होत्या. तरीही तो मला दिसला, तेव्हा मध्ये जेमतेम दोन गाड्यांचे अंतर उरले होते. माझे वय पंचवीस, चष्मा नाही.

३/
दुसऱ्या दिवशी उजेडात गाडी नीट पाहिली. दोन्ही हेडलाइट हळद घातलेल्या दुधासारखे दिसत होते. पुढच्याच आठवड्यात बाबांचे डोळे तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, ‘मोतीबिंदू नाही, नंबरही फारसा बदललेला नाही.’ म्हणजे मोतीबिंदू झाला होता तो गाडीला. दोन वर्षे एक माणूस वस्तूचा दोष स्वतःच्या वयावर घेत आला होता. त्या दिवसापासून एक प्रश्न मनात घर करून राहिला: ज्या वस्तूचे एकमेव काम उजेड बाहेर सोडणे, तीच वस्तू काही वर्षांत आंधळी होईल अशा पदार्थाची का घडवली गेली?

४/
आरंभापासून सुरुवात करू. अगदी सुरुवातीच्या मोटारींचे दिवे घोडागाडीच्या दिव्यांचेच वंशज होते. त्यांत तेल जळे, किंवा ॲसिटिलीन वायू. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी ठिबकले की हा वायू तयार होतो. (बेकायदा आंबे पिकवण्यामुळे आज बदनाम झालेले कार्बाइड ते हेच.) ज्योत वाऱ्यापावसाला दाद देत नसे, म्हणून हे दिवे लोकप्रिय झाले. त्यांची घडण पितळी असे, आणि घरची समई चिंचेने घासावी तसे ते सतत घासून लख्ख ठेवावे लागत. दिव्याची निगा हा गाडी बाळगण्याचा अविभाज्य भाग होता.

५/
विजेने हे चित्र बदलले. १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेली विद्युत प्रणाली आली. गाडी सुरू करण्यासाठी हँडल मारण्याची गरज उरली नाही आणि दिवेही विजेवर चालू लागले. फोर्डच्या मॉडेल टीमध्ये विजेचे हेडलाइट १९१५ मध्ये आले. त्यांना वीज इंजिनाला जोडलेल्या मॅग्नेटोकडून मिळे. परिणामी गाडी वेगात असली की दिवे प्रखर होत आणि वेग कमी झाला की मिणमिणू लागत. अंधारातल्या अवघड वळणावर, म्हणजे उजेडाची सर्वाधिक गरज असताना, तो सर्वांत कमी मिळे.

६/
त्याहून मोठा प्रश्न होता तो दिव्यांच्या म्हातारपणाचा. दिव्यातला प्रकाश पुढे फेकणारा अंतर्वक्र आरसा, म्हणजे रिफ्लेक्टर, बहुधा चांदीचा मुलामा दिलेल्या धातूचा असे. सांध्यांतून धूळ आणि ओलावा आत शिरे; मुलामा काळवंडे. बल्ब शाबूत, वायरिंग शाबूत, तरी प्रकाश वर्षागणिक मंदावत जाई. ही झीज इतकी सावकाश होई की चालकाला ती जाणवतच नसे. हा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण पुढे तो पुन्हा येणार आहे.

७/
अमेरिकेने या प्रश्नाचे उत्तर १९४० च्या मॉडेलांपासून दिले. त्या उत्तराचे नाव ‘सील्ड बीम’. मागचा आरसा काचेचा, पुढचे भिंगही काचेचे, दोन्ही एकमेकांना वितळवून कायमचे जोडलेले, आणि तंतू आतच बसवलेला. धूळ नाही, ओलावा नाही, आरसा काळवंडणे नाही. आकार सर्वांना एकच: सात इंच व्यासाचा गोल, गाडीला दोन. तंतू जळाला की संपूर्ण दिवाच बदलायचा. याचा अर्थ असा, की दिवा बदलणाऱ्याला प्रत्येक वेळी नवी काच, नवा आरसा आणि नवा तंतू मिळे, तोही अल्प किमतीत आणि गावोगावच्या दुकानांत.

८/
इतिहासात प्रश्न पूर्णपणे सुटल्याची उदाहरणे विरळा. ‘वय झाले की दिवा मंदावतो’ हा प्रश्न सील्ड बीमने जवळपास सोडवला होता. परंतु प्रमाणीकरणाची एक किंमत असते. आकार कायद्याने गोठला. १९५० च्या दशकाअखेरीस चार लहान गोल दिव्यांना मुभा मिळाली आणि १९७० च्या दशकाच्या मध्यास आयताकृती दिव्यांना. तथापि काच, बंद घडण आणि ठरावीक मापे ही चौकट चार दशकांहून अधिक काळ हलली नाही.

९/
दरम्यान युरोपने वेगळी वाट धरली होती. तिथे भिंग आणि बल्ब स्वतंत्र राहिले. त्यामुळे नव्या बल्बचे प्रयोग सोपे गेले. १९६२ मध्ये युरोपात मोटारींसाठी पहिला हॅलोजन बल्ब आला, १९७१ मध्ये दोन तंतूंचा एच-४ आला. फ्रान्सची गोष्ट तर आणखी निराळी. तिथे १९३६ च्या आदेशानुसार हेडलाइटचा प्रकाश पिवळाच असणे बंधनकारक झाले आणि हा नियम १९९३ पर्यंत टिकला. एका देशात पिवळा हेडलाइट हा कायदा होता. आज आपल्याकडे तो दुर्लक्षाचा पुरावा आहे. अर्थात फ्रान्समधले पिवळेपण हेतुपुरस्सर, ठरवून गाळलेल्या प्रकाशाचे होते, हा फरक विसरता कामा नये.

१०/
अमेरिकेत १९६८ पासून ‘फेडरल मोटार वाहन सुरक्षा मानक क्रमांक १०८’ लागू झाले. पेटलेल्या हेडलाइटसमोर काचेचे वेगळे आवरण चालणार नाही, असा त्याचा रोख होता. जग्वार ई-टाइपच्या दिव्यांवरचे सुंदर काचेचे आवरण त्याच सुमारास गेले. सित्रोएन डीएस ही फ्रेंच मोटार वळणासोबत वळणाऱ्या दिव्यांसाठी प्रसिद्ध. अमेरिकेत विकताना तिला ते दिवे सोडून द्यावे लागले. सुरक्षेसाठी केलेला नियम नव्या सुरक्षेलाच आड येऊ शकतो, याचे हे बोलके उदाहरण.

११/
मग आला ऑक्टोबर १९७३. अरब-इस्रायल युद्धाच्या पार्श्वभूमीवर अरब तेल उत्पादक देशांनी अमेरिकेसह काही देशांचा तेलपुरवठा रोखला. काही महिन्यांतच कच्च्या तेलाचा भाव सुमारे चौपट झाला. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. हेडलाइटच्या इतिहासात तेलयुद्धाचे काय काम, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण वस्तूंचा इतिहास क्वचितच सरळ रेषेत चालतो. कारण एका खोलीत घडते आणि परिणाम दुसऱ्याच खोलीत दिसतो.

१२/
डिसेंबर १९७५ मध्ये अमेरिकेत ऊर्जा धोरण व संवर्धन कायदा झाला. त्यानुसार प्रत्येक कंपनीच्या मोटारींच्या सरासरी मायलेजला किमान मर्यादा आली: १९७८ च्या मॉडेलांसाठी गॅलनमागे १८ मैल, १९८५ पर्यंत २७.५ मैल. आपल्या हिशेबात साधारण लिटरमागे साडेसात किलोमीटरवरून पावणेबारा किलोमीटर. अवजड, पेट्रोलपिऊ गाड्या बनवण्यात मुरलेल्या उद्योगावर सात वर्षांत मायलेज दीडपट करण्याची सक्ती झाली. इंजिने लहान झाली, पत्रा हलका झाला आणि अभियंत्यांची नजर हवेकडे वळली.

१३/
वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. समोरून येणारी हवा जितकी गुळगुळीत सरकेल तितके इंधन वाचते. उभे, सपाट, ठरावीक मापाचे काचेचे दिवे या प्रवाहात मध्येच उभे ठाकत. बॉनेटच्या उताराशी एकजीव होणारा, वळणदार दिवा हवा होता. पण कायदा परवानगी देत नव्हता. १९८१ मध्ये फोर्ड कंपनीने बदलासाठी सरकारकडे अर्ज केला. १९८३ मध्ये परवानगी मिळाली: आकार हवा तो, बल्ब बदलता येणारा, आणि भिंग प्लास्टिकचे. १९८४ मॉडेलची लिंकन काँटिनेंटल मार्क सेव्हन ही असे दिवे घेऊन आलेली पहिली अमेरिकी मोटार.

१४/
हे प्लास्टिक तीस वर्षे आधीच जन्मले होते. १९५३ मध्ये जर्मनीत बायर कंपनीचे हेरमान श्नेल यांनी आणि जवळजवळ त्याच दिवसांत अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकचे डॅनियल फॉक्स यांनी, एकमेकांना ठाऊक नसताना, पॉलिकार्बोनेट तयार केले. फॉक्स शोधत होते तारांवरचे आवरण. त्यांना मिळाला ढवळण्याच्या कांडीवर घट्ट बसलेला, काही केल्या न फुटणारा गोळा. ज्या कंपनीचा हक्क आधीचा ठरेल तिने दुसरीला परवाना द्यावा, असा समझोता दोघींनी केला. बायरने नाव दिले माक्रोलॉन, जनरल इलेक्ट्रिकने लेक्सान.

१५/
पदार्थ खरोखरच विलक्षण होता. काचेच्या निम्म्याहून कमी वजन, काचेसारखीच पारदर्शकता आणि हातोड्यालाही दाद न देणारा चिवटपणा. चंद्रावर उतरलेल्या अपोलो अंतराळवीरांच्या डोक्यावरचे पारदर्शक गोल शिरस्त्राण याच पॉलिकार्बोनेटचे होते. साच्यात ओतून हवा तो वळणदार आकार देता येई. महामार्गावर उडालेल्या खड्याने काच तडकते, हे प्लास्टिक सहन करते. १९९० च्या दशकात युरोपनेही प्लास्टिकचे भिंग स्वीकारले आणि हळूहळू जगभरच्या मोटारींतून काच हद्दपार झाली.

१६/
या पदार्थाचा एक शत्रू मात्र रोज सकाळी उगवतो. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण पॉलिकार्बोनेटच्या लांब रेणुशृंखलांवर आघात करतात. काही बंध तुटतात, काही तुकडे नव्या रीतीने जुळतात. या पुनर्रचनेला जर्मन रसायनज्ञ कार्ल फ्रीस यांच्या नावावरून ‘फोटो-फ्रीस’ म्हणतात. जोडीला हवेतला प्राणवायू ऑक्सिडीकरण करतो. यातून तयार होणारी संयुगे निळा प्रकाश शोषून घेतात. पांढऱ्या प्रकाशातून निळा वजा झाला की उरतो तो पिवळा. म्हणजे हा रंग बाहेरून बसलेला नाही, पदार्थाच्या आतच घडलेला आहे. नुसत्या साबणाने तो जात नाही, याचे कारण हेच.

१७/
उत्पादकांना हे ठाऊक होते. म्हणून प्रत्येक नव्या भिंगावर काही मायक्रॉन जाडीचा कठीण, अतिनील किरण अडवणारा पारदर्शक लेप दिलेला असतो. प्लास्टिकचे आयुष्य म्हणजे वास्तविक या लेपाचे आयुष्य. ऊन, धूळ, वाळूचे कण, रोजचे कोरडे फडके यांनी तो झिजतो, सोलवटतो. मग दोन आजार एकदमच जडतात. पिवळेपणा प्रकाश गिळतो, तर पृष्ठभागावरच्या सूक्ष्म भेगा प्रकाश विखुरतात. यातला दुसरा आजार अधिक घातक, कारण विखुरलेला प्रकाश रस्त्यावर पडण्याऐवजी समोरच्याच्या डोळ्यांत जातो. आपल्याला दिसत नाही आणि समोरच्यालाही दिसू देत नाही.

१८/
मग कायद्याने काही पाहिले नाही का? पाहिले. अमेरिकी मानकानुसार भिंगाचे प्लास्टिक फ्लोरिडाच्या दमट आणि ॲरिझोनाच्या कोरड्या उन्हात तीन वर्षे ठेवून तपासले जाते. चाचणी कठोर आहे, यात शंका नाही. पण मोटारी तीन वर्षांत भंगारात जात नाहीत. दहा-पंधरा वर्षे धावतात आणि आपल्याकडे दोन-तीन मालकांच्या हातांतून जातात. चाचणीने वस्तूच्या तारुण्याची हमी घेतली. म्हातारपण मालकावर सोपवले. शिवाय सील्ड बीमच्या काळात स्वस्तात मिळणारा दिवा आता प्रत्येक मॉडेलचा निराळा, आणि म्हणूनच महाग झाला होता.

१९/
आता आपल्याकडे येऊ. कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेली प्रीमियर पद्मिनी आणि पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याची ॲम्बॅसेडर, दोन्ही गोल काचेच्या दिव्यांच्या. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा संपताच २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. तिचा पत्रा गंजला असेल, गादी फाटली असेल. दिव्याची काच मात्र पिवळी पडली नव्हती. १९७१ च्या युद्धकाळात ब्लॅकआउटसाठी याच काचांचा वरचा अर्धा भाग काळा रंगवला जाई. घरातल्या आजी-आजोबांना जरूर विचारा; मौखिक इतिहास असाच गोळा होतो.

२०/
आपल्याकडे वळणदार प्लास्टिकचे दिवे रूढ झाले ते उदारीकरणानंतरच्या नव्या मॉडेलांबरोबर. पुण्यातले मित्र ज्या एआरएआय टेकडीवर सूर्यास्त पाहायला जातात, ती टेकडी ज्या संस्थेच्या नावाने ओळखली जाते, ती १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया वाहनांच्या दिव्यांच्याही चाचण्या घेते. मात्र तपासला जातो तो नवा दिवा. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी होते. धुराची तपासणी अधूनमधून करावी लागते. हेडलाइट किती उजेड देतो, हे त्या पंधरा वर्षांत नियमाने कोणी विचारत नाही. टेकडीवरचा सूर्य रोज आपले काम करत राहतो.

२१/
नुकसान किती? अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत असे आढळले की खराब झालेले हेडलाइट नव्याच्या तुलनेत जेमतेम पाचवा हिस्सा प्रकाश देतात. नवा मूळ दिवा बसवल्यास प्रकाश पूर्ववत होतो. घासून-पुसून दुरुस्त केल्यास सुमारे ७० टक्क्यांपर्यंत परत मिळतो. पाचवा हिस्सा! सहाव्या भागात म्हटले होते तेच पुन्हा घडले: बल्ब शाबूत, वायरिंग शाबूत, झीज इतकी सावकाश की चालकाला जाणवत नाही. १९४० मध्ये आरशापुरता सुटलेला प्रश्न भिंगाच्या रूपाने परत आला. माझ्या बाबांनी तो स्वतःच्या डोळ्यांवर घेतला. असे किती जण असतील, कोण जाणे.

२२/
आता उपाय. आम्ही आधी रस्त्याकडेच्या एका कारागिराकडून पॉलिश करून घेतले. दहा मिनिटांत दिवे लखलखीत झाले. चार महिन्यांत पूर्वीपेक्षा अधिक पिवळे झाले. कारण उघड आहे: त्याने उरलासुरला लेपही घासून काढला आणि नवा दिलाच नाही. टूथपेस्टचा घरगुती उपाय याच जातीचा. तिच्यातले बारीक कण वरचा थर घासतात, पण संरक्षण काहीच देत नाहीत. काही ठिकाणी रासायनिक द्रावणाची वाफ देऊन चमक आणतात. ती वाफ श्वसनाला घातक असते, आणि आतून ताण धरलेल्या प्लास्टिकला पुढे भेगा जाण्याचा धोका राहतो. यापासून दूर राहिलेले बरे.

२३/
दुसऱ्यांदा मी आणि बाबांनी रविवारी सावलीत बसून स्वतःच केले. क्रम असा:
– दिवा स्वच्छ धुवून भोवतीच्या रंगावर मास्किंग टेप लावणे.
– वॉटर पेपर सतत ओला ठेवून घासणे: आधी ८००, मग १०००, १५०० आणि २००० नंबर. प्रत्येक पेपरला दिशा बदलायची, म्हणजे आधीच्या रेघा मिटल्या की नाही ते कळते.
– सुरुवातीला ओघळणारे पाणी पिवळसर असते. ते पांढरे होऊन सगळीकडे सारखा मॅटपणा येईपर्यंत पुढच्या पेपरकडे जायचे नाही.
– मग मऊ कापडाने रबिंग कंपाउंड. मशीन वापरल्यास एका जागी थांबू नये. प्लास्टिक तापून मऊ होते.
– शेवटी पृष्ठभाग पूर्ण पुसून, कोरडा करून अतिनील-रोधक क्लिअर कोटचे पातळ हात देणे आणि डब्यावर लिहिलेला वेळ सुकू देणे.

२४/
८०० नंबरचा पेपर फिरल्यावर दिवा पूर्वीपेक्षा भीषण दिसतो. बाबा म्हणाले, ‘अगं, होता तो उजेडही घालवलास.’ मलाही क्षणभर तसेच वाटले. पण तेव्हा थांबायचे नाही. खरा धोका शेवटी असतो: कंपाउंडनंतर दिवा इतका सुंदर दिसतो की लेप देण्याचा कंटाळा येतो. लेपाविना केलेले काम म्हणजे छत न घालता बांधलेली भिंत. तसेच दोन मर्यादा ध्यानात घ्याव्यात. भेगा आतून असतील, आत पाणी साचत असेल किंवा आरसाच जळाला असेल, तर बाहेरून घासून उपयोग नाही, दिवा बदलावा. आणि कोणाकडे पद्मिनी किंवा ॲम्बॅसेडर असेल, तर तिच्या खऱ्या काचेला वॉटर पेपर चुकूनही लावू नये. त्या रेघा जन्मभर जाणार नाहीत.

२५/
इतिहासाच्या विद्यार्थिनीला यात आणखी एक गोष्ट दिसते. जुन्या वस्तूंच्या जतनात नेहमी एक पेच असतो: प्रत्येक साफसफाई मूळ वस्तूचा थोडा भाग घेऊन जाते. नाण्यावरचा गंज काढताना अक्षरेही झिजतात. हेडलाइटही तसाच. जितक्या वेळा घासाल तितका तो पातळ होईल. म्हणून वारंवार चमकवण्यापेक्षा एकदाच नीट करून लेप जपणे श्रेयस्कर. गाडी शक्यतो सावलीत उभी करणे, दिव्यावर कोरडे फडके न फिरवणे, ही साधी पथ्येही पुष्कळ काम करतात.

२६/
प्लास्टिक स्वीकारणारे अभियंते मूर्ख किंवा लबाड होते, असा निष्कर्ष काढू नये. त्यांच्यापुढे तेलटंचाई होती, कायदा होता, वजन आणि हवेचा विरोध कमी करण्याची निकड होती; आणि त्या प्रश्नांवर पॉलिकार्बोनेट हे उत्तम उत्तर होते. फक्त त्या उत्तराच्या हिशेबात पंधराव्या वर्षीचा दुसरा-तिसरा मालक धरलेला नव्हता. वाचलेले इंधन साऱ्या समाजाच्या खात्यावर जमा झाले. मंदावलेला उजेड ज्याच्या-त्याच्या खात्यावर. कोणत्याही सुधारणेचा इतिहास वाचताना हा प्रश्न विचारावा: तिची झीज कोणाच्या वाट्याला आली?

२७/
लेप सुकल्यावर त्या रात्री आम्ही गावाबाहेरच्या रस्त्यावर गेलो. दिवा नव्यासारखा झाला होता, असे म्हणणार नाही. पण रस्त्याकडेची पांढरी रेघ दूरवर दिसत होती, आणि मैलाच्या दगडावरचा आकडा गाडी जवळ जाण्याआधीच वाचता येत होता. बाबांनी थोडा वेळ पाहिले आणि म्हणाले, ‘सरक, मी चालवतो.’

२८/
आज संध्याकाळी अंधार पडल्यावर घरची गाडी भिंतीसमोर उभी करून दिवे लावून पाहा. आई-बाबा ‘हल्ली रात्री नीट दिसत नाही’ म्हणत असतील, तर डोळे अवश्य तपासून घ्या. पण हेडलाइटची ‘काच’ही तपासा. आणि आजोबा-आजींकडून ब्लॅकआउटच्या, कार्बाइडच्या दिव्यांच्या किंवा पद्मिनीच्या आठवणी मिळाल्या तर खाली लिहा. पुढच्या धाग्यात त्यांतल्या निवडक आठवणी एकत्र मांडेन.